'असे सांगतात' : चिपेवायन कथांचे लेखन आणि निवेदकाचे नाव

१९२८ च्या उन्हाळ्यात कॅनडातील अथाबास्का सरोवराच्या काठी, फोर्ट चिपेवायन या जुन्या व्यापारी ठाण्यावर, दोन माणसे कथांचे काम करीत होती. एक होता फ्रांस्वा मँडव्हिल. वय पन्नास, मेटी म्हणजे मिश्र वंशाच्या कुटुंबात जन्मलेला, फरच्या व्यापाराच्या जगात वाढलेला आणि अनेक भाषा जाणणारा. दुसरा ली फांग-क्वेई. पंचविशीतला हा चिनी तरुण शिकागोला एडवर्ड सपीर यांच्या हाताखाली भाषाविज्ञान शिकून नुकताच डॉक्टर झालेला होता. मँडव्हिल चिपेवायन भाषेत सांगे, ली ते ध्वनिलिपीत उतरवून घेई. त्याच उन्हाळ्यात उत्तरेकडे मॅकेन्झी नदीच्या खोऱ्यात इन्फ्लुएंझाची साथ पसरली होती आणि तिच्यात वडीलधारी माणसे मोठ्या संख्येने दगावत होती. कथा सांगणाऱ्यांची एक पिढी नाहीशी होत असताना तिच्या काठावर बसून हे लेखन चालले होते.

या कथा ग्रंथरूपाने छापून यायला १९७६ साल उजाडले. त्यांचा कर्ता म्हणून मँडव्हिलचे नाव मुखपृष्ठावर यायला २००९. सांगण्यापासून छपाईपर्यंत अठ्ठेचाळीस वर्षे, आणि सांगण्यापासून सांगणाऱ्याच्या नावापर्यंत एक्याऐंशी. हा विलंब केवळ प्रकाशनव्यवहारातील दिरंगाई म्हणून सोडून देता येत नाही. मौखिक कथेचे आपण नेमके काय नोंदवतो, आणि नोंदवताना कोणाला वगळतो, हा प्रश्न त्या विलंबातच दडलेला आहे. प्रस्तुत लेखात चिपेवायन कथांच्या अर्थनिर्णयनापेक्षा त्यांच्या लेखनाचा हा इतिहास पाहावयाचा आहे.

'चिपेवायन' हे नावच मुळी परक्यांनी दिलेले आहे. शेजारच्या क्री लोकांच्या भाषेतील हा शब्द टोकदार कातड्यांचा, म्हणजे त्यांच्या विशिष्ट कापाच्या अंगरख्यांचा, निर्देश करतो. ते स्वतःला देनेसुलिने म्हणवतात. हडसन उपसागराच्या पश्चिमेकडून ग्रेट स्लेव्ह सरोवरापर्यंत, आजच्या मॅनिटोबा, सस्कॅचेवान, अल्बर्टा या प्रांतांचा उत्तर भाग आणि वायव्य प्रदेश यांत त्यांची वस्ती विखुरलेली आहे. त्यांचे जीवन परंपरेने कॅरिबूंच्या, म्हणजे उत्तर ध्रुवप्रदेशातील मोठ्या हरणांच्या, कळपांमागे फिरणारे होते. त्यांची भाषा अथाबास्कन कुळातली. दूर दक्षिणेच्या नव्हाहोंची भाषाही त्याच कुळातली. वायव्य प्रदेशांच्या अकरा अधिकृत भाषांमध्ये आज तिचा समावेश आहे.

या लोकांच्या कथा प्रथम कागदावर आल्या त्या प्रवासवर्णनाच्या समासात. हडसन बे कंपनीचा नोकर सॅम्युएल हर्न हा तांब्याच्या खाणींच्या शोधात निघाला होता. १७७० च्या डिसेंबरपासून १७७२ च्या जूनपर्यंतची त्याची यशस्वी सफर मॅटोनॅबी या चिपेवायन पुढाऱ्याच्या आधारावरच पार पडली. हर्न १७९२ मध्ये वारला आणि त्याचा ग्रंथ १७९५ मध्ये निघाला. त्यात एक उत्पत्तिकथा आहे. जगात प्रथम एक स्त्री एकटीच होती, बोरे खाऊन राहत होती. कुत्र्यासारखा एक प्राणी तिच्या मागोमाग तिच्या गुहेत येई आणि रात्री देखणा तरुण होई. पुढे ढगांना डोके टेकेल एवढा एक महाकाय पुरुष आला. त्याने हातातल्या काठीने तळी आणि नद्या आखल्या, त्या पाण्याने भरल्या, आणि मग त्या कुत्र्याला फाडून त्याची आतडी पाण्यात, मांस जमिनीवर आणि कातडे हवेत भिरकावले. त्यांतून मासे, पशू आणि पक्षी झाले. ज्या ग्रंथात ही कथा आहे, त्याच ग्रंथात या लोकांमध्ये धर्माची जाणीव अद्याप उगवलेली नाही असाही निर्वाळा हर्न देतो. आपण काय लिहून घेतले आहे, हे लिहून घेणाऱ्याला कळलेच पाहिजे असे नाही.

हर्नने नोंदवलेली दुसरी कथा मला अधिक महत्त्वाची वाटते. तांब्याची खाण एका स्त्रीने शोधली. ती पुरुषांना वर्षानुवर्षे तिथवर घेऊन जात असे. सोबतच्या पुरुषांपैकी काहींनी तिच्यावर जबरदस्ती केली. तेव्हा तिने सूड घेण्याचे ठरवले. पुरुष तांबे लादून परतू लागले, पण ती उठली नाही. खाणीवरच बसून राहीन आणि सगळ्या तांब्यासकट जमिनीत जाईन, असे तिने बजावले. पुढच्या वर्षी लोक आले तेव्हा ती कमरेपर्यंत रुतलेली होती. त्याच्या पुढच्या वर्षी ती नव्हती आणि वरचे किरकोळ तुकडे सोडले तर तांबेही नव्हते. हर्न स्वतः त्या जागी पोहोचला तेव्हा जवळजवळ चार तास धुंडाळून त्याच्या हाती चार पौंडांहून थोडा अधिक वजनाचा एकच धड तुकडा लागला. कंपनीच्या अपेक्षांचा निकाल त्या तुकड्याने लावला. त्या अपेक्षा पोकळ आहेत हे कथा आधीच सांगत होती, आणि त्याचे कारणही सांगत होती. हर्नने मात्र ती ऐकली ती मौज म्हणून.

लिखित नोंद स्थिर असते आणि मौखिक स्मृती घसरती असते, हा समज या क्षेत्रात फार काळ चालला. हर्नच्याच ग्रंथाने तो खोटा पाडला आहे. १७ जुलै १७७१ रोजी कॉपरमाइन नदीवर त्याच्या सोबत्यांनी इन्युइटांच्या तळावर हल्ला करून केलेल्या हत्याकांडाचे वर्णन पुढे इंग्रजी वाचकांच्या मनावर कोरले गेले. आय. एस. मॅकलॅरन यांनी १९९१ मध्ये या वर्णनाच्या निरनिराळ्या पाठांची तुलना केली. जुन्या पाठांत नसलेले हृदयद्रावक तपशील छापील ग्रंथात अवतरलेले आहेत, असे त्यांनी दाखवले. छापखान्याकडे जाताना संहिता फुगली. हे एखाद्या आजीच्या बाबतीत घडले असते तर आपण त्याला 'मौखिक परंपरेचा लवचिकपणा' म्हटले असते.

याच्या उलट उदाहरण थानाडेलथरचे. क्रींच्या कैदेतून सुटलेली ही तरुण चिपेवायन स्त्री हडसन बे कंपनीच्या यॉर्क फॅक्टरीवर पोहोचली. १७१५-१६ मध्ये तिने दुभाषी आणि मध्यस्थ म्हणून आपले लोक आणि क्री यांच्यात सलोखा घडवून आणला. ठाण्याचा प्रमुख जेम्स नाइट याने रोजनिशीत तिच्या धैर्याची आणि वाक्चातुर्याची मनापासून वाखाणणी केली आहे आणि ५ फेब्रुवारी १७१७ रोजी ती वारली तेव्हा शोकही केला आहे. पण या सगळ्या कागदपत्रांत तिचा उल्लेख 'गुलाम स्त्री' असाच येतो. तिचे नाव देने लोकांनी आपल्या कथांत जपले म्हणून ते आज आपल्याला माहीत आहे. दप्तराने वार, तारीख, हवामान, मृत्यू सर्व टिपले. नाव तेवढे राहिले. चिपेवायन कथांच्या लेखनात पुढे जे वारंवार घडणार होते, त्याचे हे पहिले रूप म्हणता येईल.

अलेक्झांडर मॅकेन्झी याने १८०१ च्या आपल्या ग्रंथात दिलेली महापक्ष्याची उत्पत्तिकथा येथे ओझरतीच नमूद करतो, कारण तिचेही स्थान प्रवाशाच्या वहीतील कुतूहलाचेच आहे. कथांसाठी कथा गोळा करणारा पहिला मोठा संकलक म्हणजे एमील पतितो हा फ्रेंच मिशनरी. १८६२ मध्ये तो उत्तरेत आला आणि सुमारे दोन दशके त्या मुलुखात वावरला. त्याचा १८७६ चा कोश आणि १८८६ चा वायव्य कॅनडातील परंपरांचा संग्रह हे आजही टाळता न येणारे ग्रंथ आहेत. पतितोची कुचेष्टा करणे सोपे आहे. देने लोक मूळचे इस्रायली असावेत या कल्पनेने त्याला झपाटले होते, आणि कथेत पूर आला की त्याला नोहा दिसे. आजीने वाढवलेल्या मुलाची कथा पतितोपासून मँडव्हिलपर्यंत निरनिराळ्या संग्रहांत भेटते. पोर सापडते, म्हातारी त्याला वाढवते, कॅरिबूंवर त्याची सत्ता चालते, आणि लोक त्याचा ठरलेला वाटा नाकारतात तेव्हा तो कॅरिबूंबरोबर निघून जातो व मागे उपासमार राहते. शिकारीवर जगणाऱ्या समाजाचा वाटणीविषयीचा सगळा कायदा या कथेत सामावलेला आहे. बायबलच्या चष्म्यातून तो दिसणे कठीण होते.

असे असूनही पतितोच्या पदरात एक गोष्ट टाकावीच लागते. तो भाषा शिकला होता. कथा त्याने मूळ भाषेतही दिल्या, आणि अनेक कथांखाली त्या कोणी, कोठे, कोणत्या साली सांगितल्या याची नोंद केली. सिद्धांत चुकलेला आणि नोंद प्रामाणिक, असा हा विचित्र योग आहे. त्याच्यानंतर आलेल्या शास्त्रशुद्ध मंडळींबद्दल नेहमीच असे म्हणता येत नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी कथासंकलन विद्यापीठे आणि संग्रहालये यांच्याकडे गेले. भूशास्त्रज्ञ जे. एम. बेल यांनी १९०३ मध्ये काही शेकोटीकथा प्रसिद्ध केल्या. न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीच्या मानवशास्त्रीय निबंधांचा दहावा खंड मात्र अधिक विचार करायला लावतो. त्यात १९१२ मध्ये चिपेवायनांविषयी दोन संग्रह निघाले. रॉबर्ट लोवी १९०८ मध्ये अथाबास्का सरोवराकडे गेले होते. त्यांच्या कथा केवळ इंग्रजीत आहेत. प्लिनी अर्ल गॉडर्ड यांनी १९११ मध्ये अल्बर्टातील कोल्ड लेक येथे संहिता उतरवून घेतल्या; त्या मूळ भाषेत, शब्दशः अर्थासह आणि भाषांतरासह आहेत आणि सोबत बोलीचे व्याकरणिक विश्लेषण आहे. म्हणजे एकाच खंडात एकाने कथा घेतली आणि भाषा सोडली. दुसऱ्याने भाषा घेतली आणि तिच्यासाठी कथा वापरली. लोवींना हवे होते कथाबीजांचे भौगोलिक प्रसरण : अमुक घटक क्रींकडे आहे का, तमुक घटक कुठवर पोहोचला. गॉडर्डना हवी होती क्रियापदे. दोघांचेही प्रश्न आपापल्या परीने रास्त होते. परंतु 'हा माणूस ही कथा अशी का सांगतो' हा प्रश्न दोघांच्याही चौकटीत बसत नव्हता. साहित्याचा अभ्यासक ज्या प्रश्नाने सुरुवात करतो तो प्रश्नच मानवशास्त्र आणि भाषाविज्ञान यांच्यामधल्या फटीत पडून गेला.

गॉडर्डच्या लेखनात आणखी एक उणीव राहिली. चिपेवायन भाषेत स्वराचा चढउतार, म्हणजे उच्च आणि निम्न तान, अर्थभेदक असतो. गॉडर्डनी तो नोंदवला नाही, लींनी नोंदवला. ली जन्माने चिनी, तेव्हा त्यांच्या कानाला तान सहज जाणवली असेल, असे म्हणण्याचा मोह होतो. पण त्यामुळे सपीर यांच्या शिस्तीचे आणि लींच्या कष्टांचे श्रेय उगाच जन्माला दिले जाते, म्हणून तो आवरलेला बरा. मुद्दा असा की १९२८ मध्ये प्रथमच ही भाषा तिच्या स्वराघातासकट, एकाच कसलेल्या निवेदकाच्या तोंडून, मोठ्या प्रमाणावर उतरवली गेली. त्यात पुराणकथा आहेत, शौर्याच्या आणि भीतीच्या कथा आहेत, आणि नुसत्या कथाच नाहीत तर जगण्याच्या कामांची वर्णनेही आहेत.

आणि मग काय झाले? १९३३ मध्ये लींनी चिपेवायन धातूंची सूची आणि व्यंजनांवरील निबंध प्रसिद्ध केला. १९४६ मध्ये त्यांनी लिहिलेली व्याकरणाची रूपरेषा आली. १९६४ मध्ये एक लोकजीवनविषयक संहिता छापली गेली. मधल्या काळात ली चीनला परतून अकादेमिया सिनिकामध्ये दाखल झाले होते. युद्ध आले, स्थलांतरे झाली, अमेरिकेत प्राध्यापकी झाली. कथांमधून धातू काढून घेण्यात आले आणि कथा वह्यांत राहिल्या. यात लींचा अवमान करण्याचा हेतू नाही. ताई भाषांच्या अभ्यासातील त्यांचे कार्य पाहिले तर एका आयुष्यात याहून जास्त मागता येत नाही. परंतु ज्या विद्याशाखेत ते घडले तिच्या दृष्टीने कथा हे साधन होते, आणि साधनाचा कर्ता कोण हे कोणी विचारत नाही.

हवाई विद्यापीठात रॉन स्कॉलन हा विद्यार्थी लींच्या संपर्कात आला. दोघांच्या नावावर १९७६ मध्ये तैपेईच्या अकादेमिया सिनिकाकडून 'चिपेवायन टेक्स्ट्स' प्रसिद्ध झाले. अथाबास्काकाठी सांगितलेली कथा ग्रंथरूपाने तैवानात अवतरली. फोर्ट चिपेवायनमधल्या कोणाच्या हाती ती सहज पडण्याची शक्यता नव्हती. रॉन आणि सुझान स्कॉलन या दांपत्याने फोर्ट चिपेवायन येथे राहून भाषाव्यवहाराचा अभ्यास केला आणि १९७९ मध्ये त्यावर ग्रंथ लिहिला. दरम्यान डेल हाइम्स आणि डेनिस टेडलॉक यांच्या लेखनामुळे एक दृष्टी रुजली होती : मौखिक कथन हे गद्याचा कच्चा माल नसून त्याला स्वतःची ओळींची, विरामांची, आवर्तनांची रचना असते. या दृष्टीने स्कॉलन जुन्या संहितांकडे पुन्हा वळले. नवे ध्वनिमुद्रण नव्हे, जुन्याच लेखनाचे नवे वाचन! २००९ मध्ये रॉबर्ट ब्रिंगहर्स्ट यांच्या प्रस्तावनेसह त्यांचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि त्यावर फ्रांस्वा मँडव्हिलच्या कथा असे स्पष्ट लिहिले गेले. मँडव्हिल १९५२ मध्येच वारला होता. स्कॉलनही २००९ च्या पहिल्याच दिवशी वारले.

त्या ग्रंथाचे शीर्षक 'असे सांगतात' अशा अर्थाचे आहे. मँडव्हिलच्या कथनात या अर्थाचा प्रयोग पुनःपुन्हा येतो. मराठी वाचकाला हे समजावून सांगावे लागत नाही, कारण आपल्याकडे 'म्हणे' आहे. 'एक राजा होता' आणि 'एक राजा होता म्हणे' यांत माहिती एकच असली तरी बोलणाऱ्याची जागा बदलते. दुसऱ्या वाक्यात तो साक्षीदार नसतो, वाहक असतो. इंग्रजीत असा सुटसुटीत शब्द नसल्याने जुन्या भाषांतरकारांना तो पाल्हाळ वाटला आणि वाक्यावाक्यातून गळत गेला. तो गळला की कथा एकाएकी दंतकथेसारखी, कोणाचीच नसलेली, हवेतून आलेली वाटू लागते.

येथे एक अडचण उभी राहते, आणि ती टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. जो निवेदक स्वतःच 'असे सांगतात' म्हणतो त्याला आपण ग्रंथकर्ता ठरवायचे कशाच्या आधारावर? मुद्रणसंस्कृतीची 'लेखक' ही कल्पना आपण त्याच्यावर लादत तर नाही? ब्रिंगहर्स्ट यांच्या हैदा कवींवरील १९९९ च्या ग्रंथावर अशा स्वरूपाचे आणि त्याहून कडक आक्षेप घेतले गेले. बाहेरचा अभ्यासक एका निवेदकाला 'अभिजात कवी' म्हणून उचलतो तेव्हा ज्या समाजाची ती कथा आहे त्याचा तिच्यावरील हक्क पुसट होतो. आक्षेप पोकळ नाही. कॅनडातील आदिवासी संस्थांनी १९९८ मध्ये माहितीच्या मालकीची, नियंत्रणाची, उपलब्धतेची आणि ताब्याची चतुःसूत्री मांडली, तिच्यामागे हाच अनुभव होता. शिवाय ज्या काळात संग्रहालये या कथा जपत होती त्याच काळात फोर्ट चिपेवायनमधील मिशनची निवासी शाळा १८७४ पासून १९७४ पर्यंत चालू होती. कथा कागदावर वाचवायची आणि तिची भाषा मुलांच्या तोंडून काढून घ्यायची, ही दोन्ही कामे एकाच समाजव्यवस्थेने केली.

तरीही मला वाटते की 'असे सांगतात' हा प्रयोग कर्तृत्वाचा नकार नाही. देने लोकांमध्ये स्वतः अनुभवलेले आणि दुसऱ्याकडून ऐकलेले यांतला भेद काटेकोरपणे पाळला जातो. इंकोंझे, म्हणजे स्वप्नांतून आणि प्राण्यांच्या कृपेने लाभणारे ज्ञान-सामर्थ्य, हे तर ज्याचे त्यानेच जाणायचे आणि मिरवायचे नाही. अशा समाजात 'असे सांगतात' म्हणणारा माणूस आपल्या ज्ञानाची सीमा आखत असतो : एवढे माझ्याकडे आले, ते मी असे सांगतो. सांगण्याची जबाबदारी त्याचीच राहते. आपल्याकडे लीळाचरित्राच्या परंपरेत एकाच लीळेचे भिन्न पाठ ज्या-त्या भक्ताच्या नावासह नोंदवलेले सापडतात. चक्रधरांची लीळा कोणा एकाची नव्हे. पण ती कोणाच्या स्मरणातून आली हे पुसून टाकावे असे त्या संकलकांना वाटले नाही. समूहाची मालकी आणि सांगणाऱ्याचे नाव यांत विरोध आहे असे त्यांना भासले नाही. तो विरोध आपल्या लोकसाहित्याच्या पाठ्यपुस्तकांनी निर्माण केला. लोकसाहित्य अपौरुषेय असते, त्याचा कर्ता 'लोक', हे वाक्य मीही पदव्युत्तर वर्गात कित्येक वर्षे सांगत आलो. मँडव्हिलच्या प्रकरणानंतर ते पूर्वीइतक्या सहजतेने उच्चारता येत नाही.

साक्ष देणाऱ्याच्या नावाला किती वजन असते, हे कॅनडातच दुसऱ्या एका क्षेत्राने आधी ओळखले. १९७४ ते १९७७ या काळात मॅकेन्झी खोऱ्यातील गॅसवाहिनीच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती टॉमस बर्जर गावोगाव फिरले आणि देने लोकांनी आपल्या भाषांत, आपल्या नावानिशी, भूमीविषयीच्या आठवणी सांगितल्या. त्या शब्दशः नोंदवल्या गेल्या. पुढे १९९७ मध्ये, गिटक्सान आणि वेत्सुवेतेन लोकांच्या डेलगामुक्व खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने मौखिक इतिहास हा पुरावा म्हणून ग्राह्य धरून त्याला योग्य ते वजन दिले पाहिजे असा निर्णय दिला. न्यायालयात 'लोक' साक्ष देत नाहीत, एक माणूस देतो. तो काय म्हणाला, आणि ते त्याने कोणाकडून ऐकले, हे दोन्ही लिहिले जाते. न्यायाधीशांना जे पद्धती म्हणून करावे लागले ते साहित्याच्या अभ्यासकांनी आवड म्हणूनही केले नव्हते.

मँडव्हिल त्यातल्या त्यात सुदैवी. त्याच्या वह्या टिकल्या आणि त्यांना वाचणारा भेटला. गॉडर्डना कोल्ड लेकला ज्यांनी कथा सांगितल्या त्यांच्या संहितांचे असे सलग, निवेदकाला धरून केलेले वाचन माझ्या पाहण्यात नाही. त्या संहिता तानरहित आहेत, पण मूळ भाषेत आहेत, आणि शब्दशः अर्थासह आहेत. काम करणाऱ्याला तेवढे पुरेसे आहे. ग्रंथालयाच्या सूचीत दहाव्या खंडातील त्या भागापुढे लेखक म्हणून आजही गॉडर्ड यांचेच नाव आहे.